स्ट्रोकर इंजिनासाठी कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बरीचशी उदाहरणं शेव्रोलेच्या स्मॉल ब्लॉक ३५० आणि त्यापासून बनणाऱ्या ३८३ ची आहेत (हे आकडे इंजिनाच्या घनइंचांचे), कारण स्ट्रोकरची चर्चा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. तत्त्वं मात्र कोणत्याही पुशरॉड इंजिनाला लागू पडतात, म्हणजे ज्यात ब्लॉकमधला कॅम टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत हेडमधले व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचे कागद इंचातच येतात, म्हणून मापं इंचात दिली आहेत. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

स्ट्रोकर म्हणजे नेमकं काय बदलतं?

क्रँकशाफ्ट. मूळ ३५० मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.००० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३.४८ इंच असतो. बोअर तीस थाऊ मोठा करून त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला की ३८३ घनइंच होतात. हा स्ट्रोक मुळात १९७० मध्ये आलेल्या ४०० इंजिनाचा. पूर्वी लोक त्याच क्रँकचे मेन जर्नल २.६५ वरून २.४५ इंचापर्यंत घासून ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवत. आता तयार क्रँक मिळतात. फोर्डच्या ३०२ चा बोअरही तीस थाऊ मोठा करून ३.४० इंच स्ट्रोक घातला की ३४७ होतं, तेही याच जातीचं.

कॅमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सिलिंडर मोठा झाला, पण हेड, व्हॉल्व्ह आणि पोर्ट बहुतेक वेळा तेच राहिले. त्याच दारातून आता जास्त हवा आत घ्यायची आहे.

माझ्या ३५० मध्ये छान चालणारा कॅम ३८३ मध्ये घातला तर चालेल का?

चालेल, पण तो वेगळाच कॅम असल्यासारखा वागेल. मोठ्या इंजिनात प्रत्येक कॅम ‘लहान’ होतो. ३५० मध्ये ज्याची शक्ती ५८०० आरपीएमला टोक गाठत होती, तोच कॅम ३८३ मध्ये साधारण ५३०० लाच टोक गाठेल, कारण तेवढीच हवा ओढायला मोठ्या इंजिनाला कमी फेरे पुरतात. आयडल शांत होईल, खालचा टॉर्क वाढेल, वरचा दम लवकर संपेल.

रोजच्या वापराच्या गाडीला हे वरदानच आहे. पण आधीसारखाच वर फिरणारा स्वभाव हवा असेल तर पन्नास थाऊवर मोजलेलं ड्युरेशन (टॅपेट पन्नास थाऊपेक्षा जास्त उचललेला असतो तेवढे क्रँकचे अंश) अंदाजे ६ ते १० अंशांनी वाढवावं लागतं. ३५० मध्ये २२४ अंशांचा हायड्रॉलिक रोलर (तेलाने भरलेल्या, टोकाला चाक असलेल्या टॅपेटचा कॅम) जरा खट्याळ वाटतो. ३८३ मध्ये तोच सभ्य माणसासारखा वागतो. रस्त्यावरच्या ३८३ साठी २१८ ते २३० अंश हा मला भरवशाचा पट्टा वाटतो. त्याच्या वर जायचं असेल तर गिअर, (ऑटोमॅटिक गाडीत) टॉर्क कन्व्हर्टर आणि हेड यांचा विचार आधी करा.

ड्युरेशनचे दोन आकडे का असतात? कोणता बघू?

जाहिरातीतला आकडा टॅपेट अगदी थोडा उचलला गेल्यापासून मोजतात. हायड्रॉलिक कॅमवर हे माप बऱ्याचदा सहा थाऊ असतं, पण प्रत्येक कारखाना ते पाळेलच असं नाही. पन्नास थाऊचा आकडा सगळ्यांना सारखा लागू असतो, म्हणून तुलना त्यावर करा.

तरीही पहिला आकडा फेकून देऊ नका. दोन्हींमधला फरक लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, किती आक्रमक आहे ते सांगतो. जाहिरातीत २७६ आणि पन्नास थाऊवर २२४ असेल तर फरक ५२ अंशांचा. दुसऱ्या कॅमवर २९० आणि २२४ असेल तर ६६ अंशांचा. पहिला व्हॉल्व्ह झटक्यात उघडतो आणि झटक्यात मिटतो. शक्तीला ते चांगलं, स्प्रिंगला जड. स्प्रिंग निवडताना हा फरक पुन्हा कामी येईल.

मी आधी कॅम निवडू की आधी हेड?

हेड. हेडची हवा ०.५०० इंच लिफ्टलाच (लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते) थबकत असेल तर ०.६०० चा कॅम घेऊन फारसं काही साधत नाही, स्प्रिंगला मात्र विनाकारण ताण पडतो. फ्लो बेंचचे (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मिळाले तर मिळवा.

लोब सेपरेशन किती ठेवावं?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यरेषांमधला कोन, कॅमच्या अंशांत. ड्युरेशन तेच ठेवून हा कोन कमी केला की ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, वाढतो. हिशोब सोपा आहे: दोन्ही जाहिरात-ड्युरेशनची सरासरी काढा आणि त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा करा. २७६ आणि २८२ अंशांचा कॅम ११० वर असेल तर सरासरी २७९, वजा २२०, म्हणजे ओव्हरलॅप ५९ अंश. तोच कॅम ११४ वर कापला तर ५१.

आता स्ट्रोकरचा मुद्दा. सिलिंडर मोठा आणि व्हॉल्व्ह तोच असेल तर इनटेक व्हॉल्व्ह इंजिनाच्या मानाने लहान ठरतो. अशा इंजिनाला पिस्टन खाली निघण्याआधीच व्हॉल्व्ह थोडा उघडलेला हवा असतो, म्हणजे सेपरेशन घट्ट हवं. डेव्हिड विझार्ड यांचं ‘१२८ चं सूत्र’ नेमकं हेच सांगतं: एका सिलिंडरचे घनइंच भागिले इनटेक व्हॉल्व्हचा व्यास, गुणिले ०.९१, आणि आलेलं उत्तर १२८ मधून वजा. २.०२ इंच व्हॉल्व्हच्या ३५० ला उत्तर १०८ च्या आसपास येतं, ३८३ ला १०६ च्या थोडं वर. हे सूत्र साधारण १०.५ कॉम्प्रेशनच्या, समांतर व्हॉल्व्हच्या हेडसाठी आहे. सगळीकडे डोळे मिटून लावू नका.

माझं मत असं की कार्ब्युरेटर असलेल्या आणि जोरात चालवायच्या गाडीला १०६ ते १०८ सुंदर चालतं. मूळ कॉम्प्युटरवरच्या फ्युएल इंजेक्शनला, किंवा व्हॅक्यूमवर ब्रेक चालणाऱ्या गाडीला, ११० ते ११४ मध्ये राहणं शहाणपणाचं. ओव्हरलॅप वाढला की आयडलला न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ आहे असं वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसतो.

कॉम्प्रेशनचा कॅमशी काय संबंध?

पिस्टन खालून वर निघाला म्हणजे लगेच हवा दाबली जाते असं नाही. इनटेक व्हॉल्व्ह मिटेपर्यंत दाब सुरूच होत नाही. २७६ अंशांचा इनटेक लोब १०६ अंशांच्या मध्यरेषेवर बसवला तर व्हॉल्व्ह बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो तिथून) ६४ अंशांनी मिटतो (२७६ चे निम्मे १३८, अधिक १०६, वजा १८०). तेवढा स्ट्रोक वाया गेला असं धरा. लांब ड्युरेशनला जास्त कॉम्प्रेशन लागतं ते म्हणूनच.

आणि स्ट्रोकरमध्ये कॉम्प्रेशन आपोआप वाढतं, हे बरेच जण विसरतात. ३५० चा एक सिलिंडर साधारण ७१७ सीसीचा. वर उरणारी जागा ८० सीसी असेल तर कॉम्प्रेशन जवळपास १०. ३८३ चा सिलिंडर ७८४ सीसीचा, आणि जागा तीच ठेवली तर १०.८. कॅम लहान आणि पेट्रोल साधं असेल तर इंजिन ठोका देणारच. डिश पिस्टन (माथ्यावर खळगा असलेले) घ्या किंवा इनटेक उशिरा मिटवणारा कॅम घ्या. दोन्ही निर्णय एकाच कागदावर, एकाच दिवशी करा.

फ्लॅट टॅपेट घ्यावं की रोलर?

पैसे परवडत असतील तर हायड्रॉलिक रोलर. रोलर लोब व्हॉल्व्ह झपाट्याने उचलू शकतो, त्यामुळे कमी ड्युरेशनमध्ये जास्त हवा जाते आणि आयडलही बिघडत नाही. घासून लोब गोल होण्याची भीतीही जाते.

फोर्डने ५.० इंजिनात १९८५ मध्ये आणि शेव्रोलेने स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ मध्ये कारखान्यातूनच हायड्रॉलिक रोलर द्यायला सुरुवात केली. तसा ब्लॉक हाती असेल तर अर्धं काम झालं. जुन्या ब्लॉकला जोडपट्टी असलेले टॅपेट लागतात, आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण किंवा थ्रस्ट प्लेटही लागते. फ्लॅट टॅपेटचा लोब किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे तो कॅमला मागे ढकलून ठेवतो. रोलरचा लोब सपाट, त्याला तसं धरून ठेवणारं कोणी नाही. स्टीलच्या रोलर कॅमवर डिस्ट्रिब्युटरचं गिअरही जुळणाऱ्या धातूचं हवं, नाहीतर ते दातांसकट भुगा होतं.

फ्लॅट टॅपेटच घेतलं तर पहिल्यांदा चालू करताना काय करायचं?

लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, झिंक जास्त असलेलं तेल, आणि चालू होताच २००० ते २५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं. आयडलला सोडायचं नाही. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली तोवर काढून ठेवा. नव्या कॅमवर जुने फ्लॅट टॅपेट कधीही नाहीत.

कनेक्टिंग रॉड कॅमला लागतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि कॅमच्या कागदावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. क्रँकचा हात लांब झाला की रॉडच्या मोठ्या टोकाचा खांदा किंवा बोल्ट वर येताना कॅमच्या लोबजवळून जातो. ३८३ मध्ये १, २, ५ आणि ६ नंबरचे सिलिंडर बहुधा सगळ्यात तंग असतात, पण तपासायचे सगळे. किमान पन्नास थाऊ मोकळी जागा हवी.

तपासताना टायमिंग चेन जोडलेली पाहिजे आणि कॅम डिग्री केलेला (लोब क्रँकच्या नेमक्या कोणत्या अंशावर आहे ते मोजून बसवलेला) पाहिजे. कॅम चार अंश पुढे-मागे केला तरी लोब कुठे असेल ते बदलतं. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हाताने, हळू. कुठे थोडं जरी अडलं तरी जोर लावू नका. जागा पुरत नसेल तर दोन वाटा आहेत: स्ट्रोकरसाठी खांदे कापलेले रॉड किंवा लहान बेस सर्कलचा (लोबचा उंचवटा सोडून उरणारा गोल भाग लहान असलेला) कॅम. मी रॉडच्या बाजूचा आहे. लहान बेस सर्कलचा कॅम बारीक असतो, जड स्प्रिंगखाली पिळवटतो. टॅपेटही खाली बसतात, त्यामुळे बेस सर्कलची त्रिज्या जेवढी घटली तेवढा पुशरॉड लांब लागतो.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये किती अंतर हवं?

इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून वाढतो आणि मिटताना पिस्टन त्याच्या पाठीमागे लागलेला असतो, म्हणून त्याला जास्त. सर्वांत कमी अंतर टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर असताना) नसतं. एक्झॉस्टचं त्याच्या दहाएक अंश आधी आणि इनटेकचं दहाएक अंश नंतर मिळतं. मातीचा गोळा ठेवून बघता येतं, पण हलकी तपासणी-स्प्रिंग आणि डायल गेज जास्त अचूक. हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि खोटं अंतर दाखवतो, म्हणून तपासताना सॉलिड टॅपेट वापरा. कॅम ॲडव्हान्स केला (व्हॉल्व्ह लवकर उघडतील असा पुढे फिरवला) की इनटेकचं अंतर घटतं, हेही लक्षात असू द्या.

आता स्प्रिंग. लिफ्ट जुळली की स्प्रिंग जुळली ना?

नाही. लिफ्ट फक्त एवढंच सांगते की स्प्रिंग किती दबणार. ती व्हॉल्व्हला ताब्यात ठेवू शकेल का, हे लोबच्या वेगावर, व्हॉल्व्ह आणि रिटेनरच्या (स्प्रिंगवरच्या टोपीच्या) वजनावर आणि आरपीएमवर ठरतं. ०.५५० इंच लिफ्टचे दोन कॅम, एक ५२ अंशांच्या फरकाचा आणि एक ६६ चा, यांना एकच स्प्रिंग सांगणाऱ्या माणसाकडून स्प्रिंग घेऊ नका.

स्प्रिंगची दोन कामं आहेत. व्हॉल्व्ह मिटताना सीटवर उसळू नये यासाठी सीट प्रेशर. आणि लोबच्या शेंड्यावरून जाताना टॅपेट उडून सुटू नये यासाठी पूर्ण उघडल्यावरचं प्रेशर. लागणारं बळ आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ५५०० वरून ६५०० वर गेलात तर फेरे १८ टक्क्यांनी वाढले, पण स्प्रिंगचं काम जवळपास ४० टक्क्यांनी.

मग आकडे किती धरायचे?

सुरुवातीला हे धरा, शेवटचा शब्द कॅमच्या कागदाचा. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटला सीटवर १०५ ते १२५ पौंड आणि उघडल्यावर २८० ते ३३०. हायड्रॉलिक रोलरला सीटवर १३० ते १५० आणि उघडल्यावर ३२० ते ३८०. रस्त्यावरच्या सॉलिड रोलरला सीटवर २०० च्या पुढे आणि उघडल्यावर ५०० च्या पुढे.

जास्त म्हणजे चांगलं असं नाही. फ्लॅट टॅपेटवर रोलरची स्प्रिंग लावली तर लोब काही तासांत संपतो. हायड्रॉलिक रोलरवर प्रमाणाबाहेर दाब दिला तर टॅपेटच्या आतला प्लंजर दबतो आणि लिफ्ट हरवते. जुन्या स्मॉल ब्लॉकच्या हेडमध्ये रॉकरचे स्टड ठोकून बसवलेले असतात. जड स्प्रिंग त्यांना उपटून काढते, तिथे आटे असलेले स्टड लावूनच पुढे जा.

हिशोब करून दाखवा.

समजा स्प्रिंगची बसवलेली उंची १.८०० इंच, तिथे दाब १३० पौंड, आणि रेट इंचाला ३७० पौंड. लिफ्ट ०.५५०. वाढणारा दाब ३७० गुणिले ०.५५० म्हणजे २०३, एकूण ३३३ पौंड. हायड्रॉलिक रोलरला बरोबर बसला.

आता कॉइल बाइंड, म्हणजे सगळे वेढे एकमेकांना टेकून स्प्रिंगचा ठोकळा होण्याची उंची. ती १.१५० असेल तर पूर्ण लिफ्टला उंची १.२५० उरते आणि शंभर थाऊ मोकळे. किमान साठ हवेत, म्हणजे इथे काळजी नाही. रिटेनरचा तळ आणि व्हॉल्व्ह सील यांच्यामध्येही साठ थाऊ बघा. शेव्रोलेच्या व्होर्टेक हेडवर हीच जागा आधी संपते, मूळ हेड साधारण ०.४६० ते ०.४७० लिफ्टपर्यंतच साथ देतं.

आणि रॉकर बदलला तर हिशोब पहिल्यापासून. लोबची लिफ्ट ०.३५० असेल तर १.५ गुणोत्तराच्या रॉकरवर व्हॉल्व्ह ०.५२५ उघडतो, १.६ वर ०.५६०. पस्तीस थाऊ ‘फुकट’ मिळाले असं वाटतं, पण कॉइल बाइंड, सील आणि पिस्टन या तिन्ही ठिकाणी ते वजा होतात.

बसवलेली उंची प्रत्येक व्हॉल्व्हवर मोजायची का? खोक्यावर तर लिहिलेली असते.

खोक्यावर लिहिलेली उंची स्प्रिंगची चाचणी कुठे केली ते सांगते. तुमच्या हेडबद्दल तिला काही माहीत नसतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका ३८३ वर मी चारच व्हॉल्व्ह मोजले, ते १.८०० भरले, बाकी बारा तसेच असतील असं धरलं. इंजिन ५६०० ला नाक खाली घालायचं. दोन आठवडे मी इग्निशन बदललं, जेट बदलले, फ्युएल पंपावर संशय घेतला. शेवटी स्प्रिंग उतरवल्या तेव्हा पाच व्हॉल्व्ह तीस ते पन्नास थाऊ उंच निघाले. त्या हेडचं सीट ग्राइंडिंग आधी कधीतरी झालेलं होतं. सीट कापली की व्हॉल्व्ह आत बुडतो, त्याचं टोक वर येतं आणि स्प्रिंगला जास्त उंची मिळते. ३७० च्या रेटला तीस थाऊ म्हणजे ११ पौंड गेले, पन्नास म्हणजे १८. पंधरा, तीस आणि साठ थाऊच्या शिम (पातळ चकत्या) खाली घालून सोळाच्या सोळा सारखे केले, आणि तेच इंजिन ६२०० पर्यंत विनातक्रार गेलं.

बीहाइव्ह स्प्रिंग चांगली की दुहेरी?

बीहाइव्ह म्हणजे वर निमुळती होत जाणारी. तिचा रिटेनर लहान आणि हलका, वेढ्यांचा व्यास बदलता, त्यामुळे एकाच कंपनसंख्येवर ती थरथरत नाही. हायड्रॉलिक रोलर आणि ०.५५०-०.६०० लिफ्टपर्यंतच्या रस्त्यावरच्या इंजिनाला मी डोळे झाकून बीहाइव्ह लावेन. तोटा एकच: एकेरी आहे. तुटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो. दुहेरीत बाहेरची तुटली तरी आतली काही काळ व्हॉल्व्ह धरून ठेवते, म्हणून जास्त लिफ्टला आणि शर्यतीला दुहेरी.

कॅम डिग्री करणं खरंच लागतं का? ठिपके जुळवले की झालं ना?

ठिपके जुळले म्हणजे दात जुळले. लोब कुठे आहे ते डिग्री व्हील, पिस्टन स्टॉप आणि डायल गेज सांगतात. ११० सेपरेशनचा कॅम बऱ्याचदा चार अंश ॲडव्हान्स घासलेला असतो, म्हणजे इनटेकची मध्यरेषा १०६ वर यायला हवी. मला १०३ पासून १०९ पर्यंत सगळं बघायला मिळालंय. स्ट्रोकरमध्ये रॉडचं आणि व्हॉल्व्हचं अंतर यावरच अवलंबून असताना ही पायरी गाळणं म्हणजे आंधळ्या वळणावर ओव्हरटेक.

पुशरॉड जुनेच चालतील?

क्वचित. बेस सर्कल, हेडची जाडी आणि व्हॉल्व्हची लांबी यांतलं काहीही बदललं की माप बदलतं. लांबी बदलता येणारा तपासणी-पुशरॉड घ्या आणि व्हॉल्व्हच्या टोकावर उमटणारी रेघ अरुंद आणि मध्याच्या जवळ येईल ती लांबी घ्या.

ओळखीच्या माणसाच्या इंजिनात भन्नाट आवाज करणारा कॅम आहे. तोच घेतला तर?

त्याच्या गाडीचं वजन, गिअर आणि कन्व्हर्टर विचारा. आयडलला लयीत डुलणारा तो आवाज म्हणजे ओव्हरलॅप, आणि ओव्हरलॅपची किंमत व्हॅक्यूममध्ये मोजावी लागते. पाऱ्याच्या दहा इंचांच्या आत व्हॅक्यूम आला की ब्रेकचं पेडल लाकडासारखं लागतं. ऑटोमॅटिक गाडीत सिग्नलला इंजिन कन्व्हर्टरशी भांडत उभं राहतं. नाकापेक्षा मोती जड, असा प्रकार.

कॅम आला, बसवला. स्प्रिंग नंतर बघू का?

वरातीमागून घोडं नको. जुन्या स्प्रिंगवर नवा लोब पहिल्याच दिवशी व्हॉल्व्ह उसळवू शकतो आणि ते नुकसान नंतर स्प्रिंग बदलून भरून येत नाही. कॅम, टॅपेट, स्प्रिंग, रिटेनर आणि लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारी पाचर) एकाच यादीत मागवा. लॉकचा कोन रिटेनरशी जुळतोय ना, तेही बघा. सात आणि दहा अंशांची अदलाबदल मी दोनदा पाहिली आहे.

स्प्रिंग कधी बदलायच्या?

नव्या असताना प्रत्येकीचा दाब टेस्टरवर मोजून वहीत लिहा. पुढे हेड उघडेल तेव्हा पुन्हा मोजा. सीट प्रेशर दहा टक्के घसरलं असेल तर पूर्ण संच बदला, एकदोन नाही. आधी ज्या आरपीएमला इंजिन मोकळं धावत होतं तिथे ते अचानक अडखळायला लागलं, आणि प्लग व पेट्रोल ठीक असेल, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून ती वही काढा.